चाकांना सपाट झाकणं लावली तर ॲव्हरेज खरंच वाढतं का?

घाटमाथा

मंडळी, दोन महिन्यांपासून डोक्यात एक किडा वळवळतोय. हल्लीच्या इलेक्ट्रिक गाड्यांची चाकं बघितली का? पूर्वीसारखे पाच आरे आणि मधून आरपार दिसणं हा प्रकारच नाही. जवळजवळ सपाट तबकडी आणि कडेला चार फटी. म्हणे हवा कापायला सोपं जातं.

माझी गाडी आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, १४ इंची लोखंडी रिम. कंपनीच्या व्हील कॅप खड्ड्यांनी कधीच नेल्या. म्हटलं आपणही करून बघू. १४ इंची ॲल्युमिनियमच्या चार पराती घेतल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, भोकं पाडून जाड केबल टायनं रिमला आवळल्या. आधी सोसायटीत दहा चकरा मारल्या, काही सुटलं नाही.

आता आकडे. वाशीहून कोथरूडला येताना (झाकणांशिवाय) १७.१ मिळालं. दुसऱ्या दिवशी झाकणं लावून कोथरूडहून वाशीला गेलो तर १९.०! टाकी फुल ते टाकी फुल. म्हणजे सरळ ११ टक्के वाढ. एवढं सोपं असेल तर सगळे का करत नाहीत? कोणी केलंय का?

पाववाटी

परात लावलीत तर कणीक कशात मळता?

टपरीवरचा

पहिल्या लग्नाला जाल तेव्हा पार्किंगमध्ये केटरर गाडी ओळखेल.

बाकी धाग्याला वाचनखूण घातली आहे. जाणकार येतीलच.

रुमाली

पराती कुठून आणल्या म्हणालात?

घाटमाथा

@रुमाली, मंडईजवळ भांडीवाल्यांकडे मिळतात. पण मुद्द्यावर बोला हो कोणीतरी.

सॅनहोजेकर

मुद्द्यावर बोलतो. माझ्याकडे टेस्लाची इलेक्ट्रिक मॉडेल ३ आहे. २०१७ साली ही गाडी आली तेव्हापासून १८ इंची चाकांवर प्लास्टिकची 'एरो' कव्हरं येतात. खाली बरं दिसणारं अलॉय, वर हे काळपट झाकण. इथे निम्मे लोक गाडी घेतल्या घेतल्या ती काढून गॅरेजच्या फळीवर टाकतात, कारण दिसायला ती... तुम्हीच बघा. मीही काढली होती. मग 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकाची चाचणी वाचली. त्यांनी वेगवेगळ्या वेगांवर कव्हरं लावून आणि काढून गाडी पळवली होती, फरक सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. दुसऱ्या दिवशी निमूटपणे परत लावली.

साडेतीन टक्के, आणि तेही मुळात त्या चाकासाठी बनवलेल्या कव्हरांनी. तुमचे ११ टक्के वाचून टेस्लाचे इंजिनिअर भांडीवाल्याचा पत्ता विचारायला येतील.

परातीबद्दल मात्र हसू नका. इथले मायलेजवेडे लोक खरोखर पिझ्झाचे ॲल्युमिनियम पॅन चाकांना लावतात.

हॅन्डलबार

हा खेळ त्याहून जुना आहे. कॅलिफोर्नियात डीन मून नावाचा माणूस होता, त्याच्या 'मून डिस्क' प्रसिद्ध आहेत. ॲल्युमिनियमच्या नितळ तबकड्या थेट रिमला स्क्रूनं बसवायच्या. १९५० च्या दशकात सुकलेल्या तळ्यांवर आणि यूटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचे विक्रम करणारे त्या लावून पळायचे. म्हणजे घाटमाथा, तुमची परात सत्तर वर्षं उशिरा आली.

आम्हा सायकलवाल्यांकडे तर याची दंतकथाच आहे. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरनं मेक्सिको सिटीत आऱ्यांऐवजी भरीव तबकडीची चाकं लावून तासाभराचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा) विक्रम केला, ५१.१५१ किलोमीटर. त्याआधीचा बेल्जियमच्या एडी मर्क्सचा विक्रम १९७२ चा, ४९.४३१. सगळं श्रेय चाकांचं नाही, मेक्सिको सिटी उंचावर आहे, तिथे हवाच विरळ. पण त्यानंतर वेळेविरुद्धच्या शर्यतीत मागचं चाक भरीव असणं नेहमीचं झालं.

मागचंच का? पुढचं भरीव केलं की बाजूच्या वाऱ्यात हॅन्डल हातात राहत नाही. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं अशी तिहेरी शर्यत) तर वाऱ्यामुळे मागची तबकडीसुद्धा चालत नाही.

पाववाटी

कारचं पुढचं चाक वाऱ्यात वळेल का मग? घाबरवू नका.

हॅन्डलबार

नाही हो. टनभर वजनाची गाडी आणि आठ किलोची सायकल यात फरक आहे.

यंत्रतंत्र

उशिरा आलो. आयुष्याची तीस वर्षं वाहन उद्योगात गेली, निवृत्त आहे, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

आधी झाकण का चालतं ते. आऱ्यांचं चाक म्हणजे फिरता पंखा. बंपरखालून आलेली हवा पुढच्या चाकाच्या कमानीत शिरते आणि आऱ्यांमधून बाजूला फेकली जाते. गाडीच्या अंगाला चिकटून मागे जाणारा प्रवाह ती हवा उधळून लावते. शिवाय हवा घुसळायला चाकालाही थोडी ताकद खर्चावी लागते. सपाट झाकण या दोन्ही गोष्टी कमी करतं. साध्या कारच्या एकूण हवेच्या विरोधात चाकं आणि कमानी मिळून सुमारे पाव हिस्सा असतो, त्यामुळे कल्पना अजिबात खुळी नाही.

आता हिशोब. तुमची गाडी माणसांसकट १२०० किलो धरू. समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, सीडी (हवेच्या विरोधाचा गुणांक, जितका कमी तितकं चांगलं) ०.३३. ताशी १०० ला हवेचा विरोध येतो साधारण ३३५ न्यूटन आणि टायरचा घरंगळण्याचा विरोध १३० च्या आसपास. म्हणजे इंजिनाच्या कष्टाचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग हवेवर जातो. ताशी ४० ला हवेचा विरोध ५४ न्यूटनवर येतो, टायरचा तेवढाच राहतो. सिग्नलला थांबा, निघा, परत थांबा, हा खर्च वेगळाच. म्हणून कर्वे रोडवर तुम्ही परात लावा नाहीतर पातेलं, काही फरक पडणार नाही.

झाकणांनी हवेचा विरोध ३ टक्के कमी झाला असं उदारपणे धरू. १०० च्या वेगाला दहा न्यूटन वाचले. १०० किलोमीटरला एक मेगाज्यूल. इंजिन पेट्रोलमधली पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं असं धरलं तर वाचलं सव्वाशे मिलीलीटर पेट्रोल. एक कटिंग चहा, मोठ्या ग्लासातला. टक्केवारीत दोनाच्या थोडं वर.

मग ११ कुठून आले? घाटातून.

घाटमाथा

म्हणजे?

यंत्रतंत्र

म्हणजे कोथरूड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि वाशी खाडीकाठी. १२०० किलो साडेपाचशे मीटर वर चढवायला साडेसहा मेगाज्यूल लागतात. वाशी ते कोथरूड १३० किलोमीटरला सपाट रस्त्यावर साठ मेगाज्यूल धरा. येताना त्यावर एक दशांश जास्त भरलेत आणि जाताना त्यातले बरेचसे परत मिळाले (सगळे नाही, बोरघाटात ब्रेकही मारलेच असतील). झाकणांशिवाय चढलात, झाकणं लावून उतरलात. उलट केलं असतंत तर 'परातीनं ॲव्हरेज घटतं' असा धागा आला असता.

आणखी एक. सात लीटर पेट्रोलच्या प्रवासात पंपाचं नोझल अर्धा लीटर आधी कट झालं तर तिथेच सात टक्के इकडचे तिकडे.

टपरीवरचा

घाटमाथा हा आयडी घेऊन घाट विसरले!

घाटमाथा

😐 मान्य. हे डोक्यात यायला हवं होतं.

खडूस काका

वाऱ्याचंही धरा. गाडी ९० नं चालली आणि समोरून १० चा वारा असला तर हवेच्या दृष्टीनं वेग १०० झाला. विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे २३ टक्के जास्त. झाडाची पानं हलतात तेवढ्या वाऱ्यात तुमचं संपूर्ण संशोधन वाहून गेलं. आमच्या वेळी फियाटच्या चाकाला मध्यभागी स्टीलची चकचकीत वाटी असायची, रविवारी ब्रासो लावून घासायची, एवढंच तिचं कार्य. ॲव्हरेज वगैरे कोणी तिच्याकडून मागितलं नाही.

पाववाटी

आणि ती वाटी चोरीला जायची ते सांगा की.

खडूस काका

जायची. चोरबाजारात आपलीच विकत मिळायची.

लालमाती

सावंतवाडीकडून अनुभव लिहितो. आमच्याकडच्या गाडीला बंद तोंडाच्या व्हील कॅप होत्या, दुकानदारानं 'हवा कापते' म्हणून गळ्यात मारलेल्या. हवा कापली की नाही ठाऊक नाही, चिखल मात्र झक्क साठला. जुलैत आतल्या बाजूनं लाल माती गेली, उन्हानं वाळून एका बाजूला ढेप झाली. ८० च्या वर स्टिअरिंग थडथडायला लागलं. मी अलाइनमेंट केली, बॅलन्सिंग केलं, पैसे घातले. शेवटी पंक्चरवाल्या पोरानं कॅप काढून ती ढेप हातात दिली. म्हणाला, काका, ह्यात अळू लावा.

दुसरा त्रास म्हणजे हवा भरायची नळी आत. दर वेळी कॅप काढायची, म्हणून हवा बघायचाच कंटाळा केला. ज्या झाकणानं दोन टक्के वाचवायचे त्याच्या आळसापायी टायर २२ पीएसआयवर फिरत होते.

यंत्रतंत्र

लालमाती, हा फार महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकन सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीत सरासरी दर एक पीएसआय कमी हवेला ०.२ टक्के मायलेज जातं असं दिलंय. ३२ च्या जागी २२ म्हणजे दोन टक्के. झाकणानं दिलं, टायरनं खाल्लं. वर टायर तापून फुटण्याची भीती वेगळी, समृद्धीवर १२० नं जाणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं.

बार्देसकार

म्हापशाहून. मी आंबोली आणि चोर्ला दोन्ही घाट महिन्यातून दोनदा करतो. मला ब्रेकची काळजी वाटते. पुढच्या डिस्क तापतात, चाक बंद केलं तर उष्णता जाणार कुठे? परात केबल टायनं बांधली आहे असं वाचलं. टाय प्लास्टिकची. उतारावर रिम तापलं आणि टाय मऊ पडली तर परात मागच्या दुचाकीवाल्याच्या गळ्याशी. हे गंमतीनं लिहीत नाही.

घाटमाथा

हे वाचून पोटात गोळा आला. आजच काढतो.

सॅनहोजेकर

बार्देसकारांशी सहमत. कंपनीची कव्हरं पूर्ण बंद नसतात ती याचसाठी, कडेच्या फटी नुसत्या नक्षीला नाहीत. इलेक्ट्रिकमध्ये मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, डिस्क कमी तापतात, म्हणून त्यांना चाक जास्त झाकणं परवडतं. पेट्रोल गाडीनं घाटात तो हट्ट करू नये.

टपरीवरचा

इलेक्ट्रिकवालेच एवढे मागे का लागलेत मग? दोन टक्क्यांसाठी?

यंत्रतंत्र

कारण त्यांना दोन टक्के मिळवायचा दुसरा मार्ग बॅटरी मोठी करणं हा आहे आणि ती महाग व जड. प्लास्टिकच्या चार तबकड्या त्या मानानं फुकट. दुसरं कारण कागदावरचं. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या मायलेज-रेंज मोजायच्या सरकारी चाचणीत कुठलं चाक निवडलंय त्यानुसार रेंजचा आकडा बदलतो, त्यामुळे चाकाची नक्षी थेट जाहिरातीतल्या आकड्याला भिडते. आपल्याकडच्या एमआयडीसी (औद्योगिक वसाहत नव्हे, 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल') चाचणीत कमाल वेग ९० आणि बराचसा भाग शहरी, तिथे झाकणाचं कौतुक कमी दिसतं.

हे वेड काही आजचं नाही. जनरल मोटर्सच्या १९९६ च्या ईव्ही१ ची मागची चाकं अंगाखाली जवळजवळ दडलेली होती, सीडी ०.१९. पहिल्या होंडा इनसाइटचीही मागची चाकं झाकलेली, ०.२५. फोक्सवॅगनच्या एक्सएल१ मध्ये परत तेच. आणि १९५५ ची फ्रेंच सिट्रोएन डीएस डोळ्यांसमोर आणा, तिचीही मागची चाकं अर्धी झाकलेली. पुढची चाकं तशी झाकणं कठीण, कारण ती वळतात, त्यांना जागा लागते.

हॅन्डलबार

अवांतर: फॉर्म्युला वनमध्ये २००६ नंतर काही वर्षं चाकांवर तबकड्या होत्या, २०१० पासून बंदी आली आणि २०२२ ला १८ इंची चाकांबरोबर त्याच परत आल्या. या वेळचं कारण वेगळं, पुढच्या गाडीच्या चाकांतून बाहेर फेकली जाणारी हवा मागच्या गाडीला त्रास देऊ नये म्हणून. एकच तबकडी, आधी गुन्हेगार, मग शांतिदूत.

पाववाटी

घाटमाथा, फोटो टाका ना गाडीचा. परात बघायची आहे.

घाटमाथा

टाकला. काढायच्या आधीचा शेवटचा फोटो. चाकं बघा, खरंच बरी दिसतात.

खडूस काका

फोटो बघितला. चाकं ठीक. टपावर काय आहे?

घाटमाथा

ते कॅरियर. गणपतीला गावी जाताना सामानासाठी बसवलं होतं. काढायचं राहिलंय.

खडूस काका

कोणत्या गणपतीला?

घाटमाथा

दोन वर्षांपूर्वीच्या.

यंत्रतंत्र

अहो!!

चाकांचे दहा न्यूटन शोधताय आणि टपावर दोन वर्षं लोखंडी खाट घेऊन हिंडताय. त्याच अमेरिकन माहितीत टपावरच्या मोठ्या बोजड पेटीला हायवेवर ६ ते १७ टक्के मायलेज जातं असं दिलंय. तुमचं रिकामं आहे, तेवढं नाही जाणार, पण ते सगळे गज आडवे वाऱ्यात उभे आहेत. आधी पाना घ्या.

टपरीवरचा

धाग्याचं नाव बदला: "टपावर खाट, चाकाला परात".

पाववाटी

+१००

लालमाती

गणपतीचं कॅरियर गणपती येईपर्यंत काढायचं नाही, आमच्याकडे पद्धतच आहे. 😀

घाटमाथा

(पाच आठवड्यांनी) मंडळी, धागा वर काढतो. यंत्रतंत्र यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलेल्या पद्धतीनं परत मापलं.

सासुरवाडी सोलापूरला. कोथरूड ते सोलापूर आणि परत, म्हणजे चढउतार आपोआप फिटतात, आणि अंतर जवळपास ५०० किलोमीटर, म्हणजे नोझलची चूक लहान होते. दर वेळी एकच पंप, एकच नोझल, सकाळी थंड टायरमध्ये ३२ हवा, वेग ९० ते १००, एसी एकवर, माणसं दोन. परातींना रजा दिली, त्यांच्याऐवजी क्लिपच्या व्हील कॅप घेतल्या, जवळजवळ सपाट, कडेला फटी असलेल्या आणि नळीसाठी भोक ठेवलेल्या.

कॅरियर आहे, कॅप नाहीत: १८.१
कॅरियर आहे, कॅप आहेत: १८.४
कॅरियर नाही, कॅप नाहीत: १९.४
कॅरियर नाही, कॅप आहेत: १९.६

यंत्रतंत्र

वा, चार फेऱ्या! अभिनंदन. कॅरियरचे सात टक्के उघड दिसतात. कॅपचे दोन्ही वेळा एक ते पावणेदोन टक्के येतात, दिशा बरोबर आहे, पण एकेकाच फेरीत एवढासा फरक वाऱ्यानंही येऊ शकतो. प्रत्येक प्रकाराच्या आणखी तीन फेऱ्या केल्यात तर मी छातीठोक बोलेन.

घाटमाथा

आणखी बारा वेळा सोलापूर? सासरे विचारायला लागलेत, काही अडचण आहे का म्हणून.

सॅनहोजेकर

शेंगाचटणीचा साठा किती झाला?

घाटमाथा

फ्रीजमध्ये जागा नाही.

बार्देसकार

हिशोब पैशात सांगा. कॅपचा सेट केवढ्याला?

घाटमाथा

बाराशे. वर्षाला हायवेचं पाच-सहा हजार किलोमीटर होतं. दीड टक्का धरला तर वर्षाला पाच लीटरसुद्धा वाचत नाही. अडीच-तीन वर्षांत वसूल, मधल्या काळात एकही कॅप उडाली नाही तर.

खडूस काका

कॅरियर काढायला किती लागले?

घाटमाथा

वीस मिनिटं. आणि गंजलेल्या एका बोल्टसाठी शेजाऱ्याचा पाना.

रुमाली

या धाग्यावर पहिल्या दिवसापासून आहे, आता बोलते. यांनी मंडईतून आणल्या त्या तीनच पराती. चौथी माझ्या आईनं लग्नात दिलेली. परत जागेवर ठेवली ते बरं केलं, पण तिला कडेनं सहा भोकं आहेत. काल पाणी घातल्यावर ओटाभर कणीक झाली तेव्हा कळलं. यंत्रतंत्र काका, सोलापूरच्या बारा फेऱ्या यांना करू दे. आईला काय सांगायचं ते ठरवायला वेळ मिळेल.